मास्टरजी तळ्यात पडत नाहीत

पडद्यावरच्या मास्टरजींनी तोंड उघडलं आणि अविनाशला वाटलं, हा भलताच कोणी बोलतोय. सहा वर्षं ज्या माणसाचा आवाज त्यानं घरात ऐकला होता, नुसता ऐकलाच नव्हे तर स्वतःच्या गळ्यातून काढला होता, तो आवाज चिरका होता, नाकातला, जत्रेतल्या पिपाणीसारखा. हा खोल होता, जरासा बसलेला, लांबचा प्रवास करून घरी आलेल्या माणसाचा. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. दहा वर्षांनी गावात आलोय, तळं अजून तिथंच आहे का, एवढंच मास्टरजी स्टेशनवरच्या हमालाला विचारत होते. सभागृहातली पोरंटोरं, जी हसायचं ठरवूनच आली होती, ती सवयीनं हसली आणि आपण कशाला हसलो ते न कळून गप्प झाली. अविनाशनं शेजारी पाहिलं. जाई खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती. "ये मास्टरजी की आवाज नहीं है," ती पुटपुटली. "हाच असणार," तो म्हणाला, "आपण ऐकायचो तो हिंदीतला कुणीतरी दुसऱ्यानंच काढलेला." "मतलब शुरू से ऐसी थी?" "सुरुवातीपासून." जाई त्यावर काही बोलली नाही. चौदा वर्षांची मुलगी काही बोलत नाही तेव्हा बापानं सावध व्हावं, एवढं शहाणपण त्याला गेल्या वर्षभरात आलं होतं.

सावध व्हायला त्याच्याकडे आज कारणही होतं. दोन हजार पाचच्या फेब्रुवारीतला तो रविवार त्यानं पंधरा दिवस आधीपासून धरून ठेवला होता. सेक्टर दहामधल्या संग्रहालयाच्या सभागृहात जपानी चित्रपटांचा सप्ताह होता, जाईनं शाळेतून दोन फुकट पास आणले होते, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनला लागणार होता तो चक्क 'मास्टरजी धडाम'चा सिनेमा. टीव्हीवर फिरून फिरून लागणारी ती मालिका बंद होऊन चार वर्षं झाली होती. तिचा पुढचा भाग म्हणून असा दोन तासांचा सिनेमा जपानात निघालाय, याचा चंदीगडमध्ये कोणाला पत्ताही नव्हता. अविनाशनं मनात हिशेब मांडला होता: सिनेमाभर दोघं पोट धरून हसतील, बाहेर येऊन छोले-कुलचे खातील, आणि जाईच्या तोंडात हसू आणि कुलचा दोन्ही असतानाच तो तिला मीनाक्षीबद्दल सांगून टाकेल. सांगणं आजच भाग होतं. मीनाक्षीला नागपूरच्या नर्सिंग कॉलेजातून बोलावणं आलं होतं आणि तिनं सोमवारी, म्हणजे उद्याच, होय की नाही ते कळवायचं होतं. पंधरा दिवसांत अविनाशनं जाईला सांगायची एकूण अकरा वेळा तयारी केली आणि अकरा वेळा चहा पिऊन उठला. आता बारावी वेळ होती, आणि जिच्या भरवशावर तो इथं आला होता ती गंमत पडद्यावरून गायबच दिसत होती.

खरं तर त्या कार्टून मालिकेत दुसरं काही नव्हतंच. एका जपानी खेड्यातले वेंधळे शाळामास्तर आणि टोफू विकणारी हाना. हिंदीत टोफूचं पनीर झालं होतं आणि हानाची हानाजी. मास्टरजी रोज काहीतरी सांगायला तिच्या दुकानाशी यायचे, सांगायच्या आत कशाला तरी अडखळायचे, आणि मागच्या तळ्यात धडाम. डोळ्यांची चक्रं व्हायची. हानाजी काठावर येऊन विचारायची, "पानी कैसा है, मास्टरजी?" आणि मास्टरजी डोक्यावरचा बेडूक सावरत म्हणायचे, "ठंडा है जी!" बावन्न भाग, बावन्न वेळा. अविनाश सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासायचा. एकच गोष्ट बावन्न वेळा तशीच घडते याचं त्याला नोकरीमुळेच की काय, भारी कौतुक होतं. "कार्टून नहीं बाबा, ॲनिमे बोलते हैं," असं जाई आता त्याला बजावायची. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि काहीच बजावत नव्हती. बोलतच नव्हती. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात नलिनीला जाऊन सहा महिने झाले होते. साताऱ्याहून आलेली आजी परत गेली होती, आणि दोन खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्ये बाप आणि लेक एकमेकांशी फार जपून वागत होती. मीठ दे म्हणतानासुद्धा जपून. आणि एका संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर हे मास्टरजी धडाम पडले, त्याच वेळी कुकरची शिटी ऐकून उठलेला अविनाश ओल्या फरशीवरून घसरला आणि चहाच्या कपासकट दिवाणाखाली गेला. कोपर सडकून लागलं होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्याला नुसतं कोपर जबाबदार नव्हतं. दिवाणाखालून त्याला जाईचे दोन पाय दिसले, जवळ आले, थबकले, आणि वरून अगदी बारीक आवाज आला, "पानी कैसा है, मास्टरजी?" सहा महिन्यांतला तिचा पहिला आपणहून विचारलेला प्रश्न. अविनाशनं दिवाणाखालूनच नाकात आवाज काढला, "ठंडा है जी!" आणि ती हसली. इतकी हसली, की तिला उचकी लागली.

मग काय, तो रोजच पडायला लागला. सोमवार ते शुक्रवार, साडेसहाला. दिवाणावरून, खुर्चीवरून, एकदा तर कपडे वाळत घालायच्या स्टुलावरून. ऑफिसात टाय लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी पंजाबी कंत्राटदारांशी हुज्जत घालणारा हा चाळिशीचा माणूस संध्याकाळी घरी येऊन नेमानं सतरंजीवर कोसळायचा. खांदा धरला तेव्हा त्यानं ऑफिसात 'स्कूटर घसरली' म्हणून सांगितलं. मालिका संपली तरी पडणं संपलं नाही. ते आता मालिकेपुरतं राहिलं नव्हतं. जाईला गणितात सत्तेचाळीस पडले, अविनाश पडला. पोळी करपली, पडला. नलिनीचं श्राद्ध झालं, गुरुजी मनीमाजऱ्याच्या बसला लागले, घर एकदम रिकामं वाटलं, तेव्हाही तो पडला. जाईनं विचारलं, त्यानं उत्तर दिलं, दोघं हसली आणि पानं घेतली. त्या घरात दुःख शिरू द्यायचं नाही असं काही कोणी ठरवलं नव्हतं, पण दारातच कोणीतरी आडवं पडलेलं असेल तर ते बिचारं शिरणार कसं? या व्यवस्थेचा अविनाशला अभिमान होता. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक म्हणायचे, बापलेकीची काय जोडी आहे, सारखी हसत असतात, आणि तो मान खाली घालून प्रसाद घ्यायचा.

मीनाक्षीनं या अभिमानाला पहिली टाचणी लावली. मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये ती नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. मूळची नागपूरची, एक्केचाळीस वर्षांची, भावांची शिक्षणं करता करता लग्न राहून गेलेली. रक्तदाब मोजायची पाऱ्याची यंत्रं मुलींच्या हातून बिघडली की ती दुरुस्तीला घेऊन प्रयोगशाळेत यायची. पहिल्यांदा सहा आणली तेव्हा सहाही बिघडलेली होती. पुढच्या खेपेला चार आणली, त्यातली दोन ठणठणीत निघाली. तिसऱ्या खेपेला एकच आणलं. या खेपांची हकिकत अविनाश जेवताना जाईला सांगायचा. यंत्र तपासायची अविनाशची पद्धत साधी होती. स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायचा, पारा चढवायचा, कानाला नळी लावून वाचन घ्यायचं. त्याचा रक्तदाब गेली दहा वर्षं एकशेवीसवर ऐंशी होता, अगदी मापातला, ऑफिसातले लोक गमतीनं त्याला 'प्रमाण' म्हणायचे. त्या दिवशी मीनाक्षी समोर स्टुलावर बसली होती आणि पारा एकशेअडतीसला ठोका दाखवत होता. त्यानं पुन्हा मोजलं. एकशेचाळीस. मग त्यानं चष्मा पुसून कार्डावर नीट अक्षरात लिहिलं, 'यंत्र वीस मिलिमीटर जास्त दाखवते, दुरुस्ती आवश्यक', आणि सही केली. मीनाक्षीनं कार्ड वाचलं. पट्टा काढून स्वतःच्या दंडाला बांधला, मोजलं, पट्टा सोडवला. "यंत्र बरोबर आहे जी," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि यंत्र पिशवीत घालून निघून गेली. ते चुकीचं कार्ड अविनाशच्या टेबलावरच राहिलं. वीस वर्षांच्या नोकरीतली त्याची ती एकमेव चुकीची नोंद, आणि ती त्याला खोडवेना. आजही सभागृहाच्या अंधारात ते कार्ड त्याच्या पाकिटात होतं.

गेल्या गुरुवारी तलावाच्या काठी चालताना तिनं नागपूरच्या पत्राचं सांगितलं. "मला जायचं नाही आहे," ती म्हणाली. "पण इथं राहून तुमच्या घराच्या बाहेर मशिनी घेऊन किती वर्षं फिरू? तुम्ही जाईला सांगा." तो म्हणाला, सांगतो ना, अगदी मजेत सांगतो, तिला मास्टरजींच्या आवाजात सांगितलं की कसं पटकन पोचतं. मीनाक्षी थांबली. "हे पहा, तुम्ही हसून राहिले. हसत हसत सांगाल, ते पोरगं हसत हसत ऐकेल, अन् मग आपण तिघंही जन्मभर हसूनच राहू. माझं नाव घेताना तोंड सरळ ठेवा. मी काही जोक नाही आहे." ती रागावलेली नव्हती, हेच वाईट होतं. ते ऐकून अविनाशचे कान तापले, कारण त्याचं वाक्य तोवर तयार झालेलं होतं. पिपाणीच्या आवाजात म्हणायचं, हानाजी अपने घर पनीर लाने वाली हैं, आणि दिवाणावरून पडायचं. इतक्या दिवसांच्या चिंतनातून त्याच्या हाती एवढंच लागलं होतं.

पडद्यावर मास्टरजी टोफूच्या दुकानाशी आले होते. हानाच्या केसांत एक पांढरी बट होती, चित्रं काढणाऱ्यानं ती एकाच रेघेत काढली होती. मागं तळं दिसत होतं. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. वाटेत बादली होती, मास्टरजी बादली ओलांडून गेले. साबणाचं पाणी सांडलेलं होतं, त्याला वळसा घातला. मागच्या रांगेतला कोणीतरी "अब गिरेगा, अब गिरेगा" म्हणत होता. मास्टरजींनी टोफूचा एक तुकडा घेतला, पैसे ठेवले, थोडं थांबले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पाऊस आला, बर्फ आला, मास्टरजी रोज येत राहिले आणि एकदाही पडले नाहीत. अविनाश खुर्चीत पुढे सरकला. पड ना बाबा, तो मनात म्हणत होता, एकदा पड म्हणजे आम्ही सगळे सुटू. माणूस पडत नाही तेव्हा त्याच्याकडे बघत राहावं लागतं आणि त्याला काय हवंय ते दिसायला लागतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. मास्टरजींना भीती वाटत होती. बावन्न भाग तीच भीती होती. तिच्यासमोर उभं राहिलं की पाय सरळ पडत नव्हते, आणि आपण सगळे सहा वर्षं त्यालाच हसत होतो.

शेवटी शेवटी हाना दुकान बंद करून तळ्याच्या पलीकडच्या काठाला उभी होती, हातात गाठोडं, गाव सोडून निघालेली. मास्टरजी अलीकडच्या काठाला आले. बुटाच्या टोकाशी पाणी होतं. त्यांनी खाली बघितलं, आणि मग बूट, कोट, सगळ्यासकट सरळ पाण्यात पाऊल टाकलं. पडले नाहीत. चालत गेले. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला आलं. डोळ्यांची चक्रं झाली नाहीत, बेडूक आला नाही. हानानं 'पाणी कसं आहे' विचारलं नाही. ती गाठोडं खाली ठेवून स्वतःच दोन पावलं पाण्यात उतरली आणि चित्र तिथंच राहिलं. कोणी शिटी वाजवली नाही. अविनाशनं जाईकडे बघितलं. ती रडत होती. आवाज न करता, हनुवटी किंचित वर धरून, अगदी नलिनीसारखी. आपली मुलगी रडते कशी हे आपण सहा वर्षांत पाहिलंच नाही, ती रडायला लागायच्या आत आपण सतरंजीवर असायचो, हे त्याला आत्ता उमगलं. आणि त्या उमगण्यात, का कुणास ठाऊक, एक विलक्षण हलकेपणाही होता. ती रडू शकत होती. घर पडलं नव्हतं.

बाहेर लख्ख ऊन होतं, थंडी उतरणीला लागल्याचं. मोहालीहून आलेल्या पोरांचा घोळका तणतणत चालला होता, "क्या बोर यार, एक बार भी नहीं गिरा!" जाई नाक ओढत स्कूटरशी उभी राहिली. अविनाशनं हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, स्कूटर स्टँडवरून काढली आणि मग, आता नाही तर कधीच नाही अशा घाईनं, हेल्मेटच्या आतूनच म्हणाला, "जाई, मला मीनाक्षीताईंशी लग्न करायचंय." जाईनं त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, पहले हेल्मेट उतारो." त्यानं स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. पट्टा लवकर निघेना. हेल्मेट निघालं तेव्हा उरलेसुरले केस उभे राहिले होते. जिभेच्या टोकाशी पिपाणी तयार होती. त्यानं ती गिळली आणि पुन्हा सांगितलं. आवाज थोडा घोगरा निघाला, पण त्याचा स्वतःचा होता. "मला त्या आवडतात. फार आवडतात. तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. आणि मला भीती वाटतेय."

"किस बात की?"

"तुझी."

जाई स्कूटरच्या सीटवरची एक निघालेली शिवण नखानं उसवत राहिली. गुलाबांच्या बागेकडे निघालेली दोन कुटुंबं, फुगेवाला, एक कुत्रं, सगळे जवळून गेले. "मुझे पता था," ती म्हणाली. "बीपी की मशीन इतनी जल्दी खराब नहीं होती, बाबा. मैं बच्ची थोडी हूँ." मग, "आई की फोटो वहीं रहेगी? हॉल में?" "तिथंच," तो म्हणाला. "मीनाक्षीताईंनीच आधी विचारलं होतं, ती हलवणार नाही ना म्हणून." जाईनं मान हलवली. अजून काही होतं, ते तिच्या ओठाशी आलेलं दिसत होतं. "एक बात बोलूँ? बुरा मत मानना. आपका गिरना है ना, वो मुझे फिफ्थ के बाद फनी नहीं लगता था. डर लगता था, लग जाएगी. पर आपको इतना अच्छा लगता था, तो मैं हँसती थी." अविनाशनं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. "मला अच्छा वाटायचं?" "हाँ ना. आप रोते नहीं थे फिर." सीटच्या शिवणीकडे बघत ती हे बोलली. अविनाशला हसू आलं. आतून आलं, कोणाला दाखवायला नव्हे. धरलेला खांदा, फुटलेले कप, मोडलेलं स्टूल, आणि समोर ही पोरगी चार वर्षं मन लावून हसून दाखवतेय, का तर बाबाला बरं वाटावं. तिलाही हसू फुटलं. दोघं त्या पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून इतकी हसली, की तिकीटवाला सरदारजी "सब ठीक, जी?" म्हणत जवळ आला. "एकदम ठीक," अविनाश म्हणाला, आणि ते खरं होतं. मग त्यानं नागपूरच्या पत्राचं आणि उद्या द्यायच्या उत्तराचंही जाईला सांगितलं.

"कल तक क्यों रुकना?" जाई म्हणाली. "अभी चलते हैं. यहीं तो है, बारह सेक्टर." पाच मिनिटांचा रस्ता, दोन चौक. मागं बसलेल्या जाईनं बऱ्याच महिन्यांनी त्याच्या कमरेला हात घातला होता. घट्ट नव्हता, पण होता. इन्स्टिट्यूटच्या कॅम्पसमधल्या तळमजल्यावरच्या क्वार्टरसमोर मीनाक्षीनं कोथिंबिरीचा वाफा केला होता आणि ती त्याला पाणी घालत होती. स्कूटरवर दोघांना बघून तिच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. ती अविनाशच्या तोंडाकडे बघत होती. तोंड सरळ आहे की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. अविनाश दोन पावलं पुढे गेला. काहीतरी बोलायला हवं होतं, पण सगळं बोलणं पार्किंगमध्ये संपलं होतं. त्यानं नुसती मान डोलावली. मीनाक्षीचे डोळे भरून आले. आणि आता या दोन मोठ्या माणसांनी पुढे काय करायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक नसताना मागून आवाज आला, धडाम.

जाई त्या ओल्या गवतावर उताणी पडली होती, हात-पाय पसरून, जीभ बाहेर. मीनाक्षी नळी टाकून धावली. गुडघ्यांवर बसून तिनं आधी नाडी धरली, मानेखाली हात घातला. "हलवू नका तिला! बेटा, डोळे उघड. डोकं आपटलं काय? किती बोटं आहेत सांग." जाईनं डोळे उघडले आणि बुबुळं गरगरा फिरवली, अगदी चक्रं. मीनाक्षीची बोटं नाडीवरच थांबली. तिनं वर अविनाशकडे पाहिलं. "तुम्ही जोक म्हणून सांगितलं हिला?" "नाही," तो म्हणाला, "नीट सांगितलं." "बिल्कुल सीरियसली," जाई पडल्या पडल्या म्हणाली. "फिर किसी को तो गिरना था." मीनाक्षीला काय समजलं कोण जाणे, पण ती तिथंच चिखलात फतकल मारून बसली आणि डोळे पुसत हसायला लागली. तिचं हसणं मोठं होतं, वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या.

नळीचं पाणी गवतातून वाहत जाईच्या पाठीखाली शिरत होतं. तिचा स्वेटर भिजला होता तरी ती उठली नाही. ती बाबाकडे बघत होती, वाट बघत होती. सहा वर्षांत विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. अविनाश तिच्याशेजारी उकिडवा बसला. पिपाणी त्यानं काढली नाही.

"पाणी कसं आहे?" त्यानं विचारलं.

जाईनं जरा विचार केला. खरंच विचार केला. मग घरात ती ज्या भाषेत कधीच उत्तर द्यायची नाही त्या भाषेत, एकेक शब्द शोधत, म्हणाली, "गार आहे, बाबा. पण होईल सवय."